स्वनिवेदनाला किती दिवस द्यावेत?

परदेशी विद्यापीठात अर्ज करू इच्छिणारे विद्यार्थी दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर एकच प्रश्न घेऊन येतात : पर्सनल स्टेटमेंट लिहायला किती दिवस लागतात? प्रश्न व्यावहारिक आहे. साहित्याच्या शिक्षकाने मात्र त्याचे उत्तर केवळ व्यावहारिक देऊ नये, असे मला वाटते.

हा मजकूर तसा लहानसाच. ब्रिटनमधील पदवी-प्रवेशाच्या अर्जात ४,००० अक्षरचिन्हांची मर्यादा असते. २०२६च्या प्रवेशांपासून तो सलग न लिहिता तीन प्रश्नांच्या उत्तरांत विभागून लिहावा लागतो. अमेरिकेतील ‘कॉमन अॅप’चा निबंध फार तर ६५० शब्दांचा. पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या अटी विद्यापीठागणिक बदलतात, पण मजकूर बहुधा दोन पानांत मावतो. एका संध्याकाळचे काम! तरीही आपले विद्यार्थी त्यापुढे आठवडेच्या आठवडे अडून बसतात.

याचे कारण आपल्या शिक्षणात आहे. शाळेत आपण फाटक्या पुस्तकाचे, नदीचे, छत्रीचे आत्मवृत्त लिहितो; स्वतःचे लिहायला कोणी सांगत नाही. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर, पदवीचा बारावीच्या गुणांवर किंवा प्रवेशपरीक्षेवर. ‘तुला हेच का शिकायचे आहे?’ हा प्रश्न बाविसाव्या वर्षी प्रथमच समोर येतो, तोही परक्या भाषेत. गंमत म्हणजे, ज्या भाषेत लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, दया पवारांनी १९७८ साली ‘बलुतं’ दिले, त्या भाषेचे आपण विद्यार्थी. ती पुस्तके आपण परीक्षेपुरती शिकवतो. आठवणींतून नेमके काय निवडावे, हे त्यांच्याकडून शिकत मात्र नाही.

येथे माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने कच्चा मसुदा आणून दिला. लहानपणी ती वस्तीतल्या बायकांना रेशनकार्डाचे अर्ज लिहून देत असे. त्या सांगत ते आणि कागदावर उतरे ते, यांत किती अंतर पडते हे तिला तेव्हा जाणवले. म्हणून तिला कथनाचा अभ्यास करायचा होता. इंग्रजी अडखळते होते. मी दोन महिने दुरुस्त्या केल्या. तिसऱ्या खर्ड्यात रेशनकार्ड गेले, पाचव्यात वस्ती गेली, आणि त्यांच्या जागी ‘सैद्धांतिक चौकट’ आली. शेवटचा खर्डा वाचून ती म्हणाली, “सर, इंग्रजी फार चांगलं झालंय. पण ही मुलगी कोण?” मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. तोच खर्डा गेला. तिने त्या बायकांच्या बाबतीत जे ओळखले होते, तेच मी तिच्या बाबतीत केले होते.

तेव्हा माझे उत्तर असे : एक महिना, पण त्यातील लेखन थोडे. पहिले दहा-बारा दिवस केवळ आठवावे आणि सुचेल तसे मराठीतच टिपून ठेवावे. मग दोन बैठकांत इंग्रजी मसुदा. त्यानंतर आठवडाभर त्याकडे पाहू नये. पुढे दोन वेळा दुरुस्ती, आणि वाचायला द्यायचे ते दोघांनाच : एक विषय जाणणारा, दुसरा आपल्याला जाणणारा. यापुढचा प्रत्येक दिवस मजकूर गुळगुळीत करतो आणि माणूस पुसून टाकतो.

यावर कोणी म्हणेल, पैसे मोजून सल्लागार नेमणारी मुले सहा-सहा महिने खपतात. महिन्याभरात आमचा निभाव कसा लागावा? आक्षेप खरा आहे. ती विषमता माझ्या वेळापत्रकाने मिटणार नाही. पण सफाईदार इंग्रजी आज यंत्रही क्षणात लिहून देते; रेशनकार्डाचा अर्ज त्याला आठवत नाही. हाती चारच दिवस असतील, तरी त्यांतले दोन आठवण्यासाठी राखावेत.

आणि आपण शिक्षकांनी? लाल पेन उचलण्यापूर्वी विचारावे : हे वाक्य चुकलेले आहे, की ते केवळ माझे नाही?