कदाचित आणि बहुधा

इंग्रजीच्या पेपरात शब्द चुकला तर मार्क जातो. माझा एक शब्द चुकला आणि आमच्या मामीची तीन दिवसांची झोप गेली.

गोष्ट १९७४ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली. नववीची परीक्षा देऊन मी मामांकडे पिंपळनेरला गेलो होतो. साक्री तालुक्यातले पांझरेकाठचे हे गाव. मामांचे तेथे किराणा दुकान. त्यांच्या मानेवर गाठ आली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी ती काढून तपासणीला पाठविली होती आणि निकाल पत्राने कळवू म्हणून सांगितले होते. एका दुपारी ते पत्र आले. आले ते इंग्रजीत! घरात इंग्रजी जाणणारे विद्वान काय ते आम्हीच. मामी हात पुसत बाहेर आली. "काय लिखेल शे रे भाऊ?"

पत्र चार ओळींचे. त्यात जीव अडकला होता तो 'प्रॉबॅब्ली' या एका शब्दात. मी ऐटीत अर्थ सांगितला, "गाठ कदाचित साधी असेल."

मामा काही न बोलता दुकानात जाऊन बसले. तीन दिवस घरात भाकरी थापली जाई, पण कोणाच्या घशाखाली उतरत नसे. चौथ्या दिवशी शाळेतले इंग्रजीचे गुरुजी साखर न्यायला आले, तेव्हा मामीने ते पत्र त्यांच्यापुढे धरले. गुरुजींनी चष्मा लावून वाचले आणि माझ्याकडे पाहिले.

"प्रॉबॅब्ली म्हणजे बहुधा, गाढवा! कदाचित म्हणजे परहॅप्स!"

तेव्हापासून मी या शब्दांचा पिच्छा सोडलेला नाही. 'कदाचित' म्हणजे संस्कृतात 'केव्हा तरी, एखादे वेळी'. 'बहुधा' म्हणजे 'अनेक प्रकारांनी', आणि मराठीत 'बहुतेक वेळा'. एकात एखादी खेप, दुसऱ्यात पुष्कळ. म्हणजे हिशेब आपल्या शब्दांतच मांडून ठेवलेला होता. मी तो पाहिला नाही, इतकेच. इंग्रजी 'परहॅप्स'मधला 'हॅप' म्हणजे नशीब; 'हॅपी' आणि 'हॅपन' ही त्याचीच भावंडे. मामांची गाठ मी नशिबावर सोडून मोकळा झालो होतो!

'प्रॉबॅब्ली'चे घराणे निराळे. लॅटिन 'प्रोबारे' म्हणजे पारखणे, पसंत करणे. 'प्रूफ', 'अप्रूव्ह' त्याच कुळातले. जुन्या काळी युरोपात 'प्रॉबेबल' मत म्हणजे जाणत्यांनी मान्य केलेले मत. त्यात आकड्यांचा संबंध नव्हता. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोघा फ्रेंच गणितज्ञांनी अर्ध्यावर मोडलेल्या जुगारातले पैसे कसे वाटावेत याचा पत्रांतून खल केला, आणि तेथून संभाव्यतेचे गणित वाढीला लागले. गंमत अशी की 'प्रोबारे'च्या मुळाशी असलेला 'प्रोबस' आणि आपला 'प्रभू' हे व्युत्पत्तिकारांच्या मते सख्खे नातलग. दोहोंत धातू 'भू'. आणि 'संभव'मध्येही तोच!

आता पिंपळनेरला कांदा उघड्यावर असला की लोक मोबाइलवर हवामान खात्याचा अंदाज पाहतात. त्या खात्याच्या इंग्रजी पत्रकात नुसते 'लाइकली' म्हणजे शंभरात पंचवीस ते पन्नास, 'व्हेरी लाइकली' म्हणजे पन्नास ते पंचाहत्तर. मराठीत मात्र 'पावसाची शक्यता' म्हटले की सगळे एकाच पोत्यात. ताडपत्री घालायची की नाही, हे शेतकऱ्याने त्यावरून कसे ठरवावे?

मामा त्यानंतर चांगली बावीस वर्षे गल्ल्यावर बसले. मामी आता नव्वदीला टेकली आहे. परवा फोनवर मी म्हणालो, "मामी, दिवाळीला बहुधा येईन."

तिकडून लगेच प्रश्न आला, "बहुधा का कदाचित रे भाऊ?"