साडेपाच ते साडेनऊ

आमच्या टीममध्ये दर सहा महिन्यांनी एखादा नवीन मुलगा येतो आणि साधारण तिसऱ्या शुक्रवारी, कँटीनच्या रांगेत, मला विचारतो, "वीकेंडला पुण्यात गाण्याबिण्याचं काय असतं? तू जातोस ना म्हणे." ऑफिसात माझी ख्याती आहे ती ही एवढीच. कोडबद्दल मला कुणी काही विचारत नाही. असो.

पूर्वी मी अशा मुलांना एक लांबलचक मेल पाठवायचो. सुदर्शन रंगमंच शनिवार पेठेत कुठे, पार्किंगचं काय करायचं, 'प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव' ह्या पुणेरी वाक्याचा खरा अर्थ काय (अर्थ : पहिल्या चार रांगांकडे बघायचंसुद्धा नाही), बालगंधर्वला मध्यंतरात बटाटेवडा हवा असेल तर तराणा संपायच्या आत कसं सटकायचं, वगैरे वगैरे. पोरं 'थँक्स दादा' म्हणून रिप्लाय करायची आणि शनिवारी मॉलमध्ये जायची.

आता मी मेल पाठवत नाही. एवढंच सांगतो, "शनिवारची संध्याकाळ सोड. रविवारी सकाळची मैफल कुठे आहे ते बघ आणि तिला जा."

"रविवारी सकाळी? कोण उठणार रे!"

तर आजचं हे सगळं त्या 'कोण उठणार'बद्दल.

आधी हिशोब मांडू. पुण्यातली नाट्यगृहं सत्रांवर चालतात. नाटकांच्या जाहिराती वाचणाऱ्यांना वेळा पाठ असतात : दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेनऊ. गाण्याचा कार्यक्रम ठेवणारा माणूस ह्यातलं साडेपाचचं सत्र पकडतो, कारण तेव्हा लोक येतात. म्हणजे सत्कार, दीपप्रज्वलन आणि प्रायोजकांचं मनोगत धरून साडेपाच ते साडेनऊ. त्यातलं प्रत्यक्ष गाणं साडेसहाला सुरू होतं.

आता ह्या वेळात काय गायचं? आपल्या संगीतात रागाला वेळ असते. दक्षिणेत ही वेळेची शिस्त एवढी कडक नाही, त्यामुळे माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या चेन्नईच्या मित्राला ही आमची अंधश्रद्धा वाटते. वाटू दे. पण गाणारे ती पाळतात, त्यामुळे साडेपाच ते साडेनऊच्या खिडकीतून जे दिसतं तेच आपण बघतो : मारवा, पूरिया धनाश्री, यमन, शुद्ध कल्याण, मारुबिहाग, फार तर बिहाग किंवा बागेश्री. आणि शेवटी भैरवी. (भैरवी खरं म्हणजे सकाळची, पण मैफल संपवायला कधीही चालते. म्हणजे आपल्या वाट्याला येणारा एकमेव सकाळचा राग आपण रात्री नऊ वीसला, स्कूटरची किल्ली चाचपत ऐकतो!)

मी एकदा माझ्या डायरीत पाहिलं. एका वर्षात मी प्रत्यक्ष समोर बसून अकरा वेळा यमन ऐकला होता. तोडी एकदा. ललत शून्य. यमनबद्दल तक्रार नाही, यमन आयुष्यभर ऐकावा. पण तोडी एकदा?

भातखंड्यांनी ह्या वेळांमागचं जे तर्कशास्त्र मांडलं ते आपल्या इंजिनियर डोक्याला फार पटण्यासारखं आहे. सप्तकाचे दोन भाग करायचे, पूर्वांग आणि उत्तरांग. रागाचा वादी स्वर, म्हणजे ज्याच्याभोवती सगळं फिरतं तो, पूर्वांगात असेल तर राग साधारण दुपारी बारा ते रात्री बारा ह्या अर्ध्या दिवसातला. उत्तरांगात असेल तर रात्री बारा ते दुपारी बारा. अपवाद आहेत, सगळ्याच फ्रेमवर्कना असतात. पण म्हणजे बघा, फक्त संध्याकाळच्या मैफिलींना जाणारा माणूस अर्धं संगीत कधी ऐकतच नाही. हा अर्धा माणूस मी कित्येक वर्षं होतो.

उदाहरण देतो, कारण मला हे एका रविवारीच कळलं. भूप घ्या. सा, रे, ग, प, ध. सगळे शुद्ध. शाळेच्या प्रार्थनेपासून आपल्या कानात बसलेला. आणि देशकार घ्या. सा, रे, ग, प, ध. तेच पाच, सगळे शुद्ध. कागदावर फरक शून्य. आदल्या संध्याकाळी एका हॉलमध्ये मी भूप ऐकला होता, शांत, खालच्या बाजूला रमणारा, गंधारावर येऊन टेकणारा. रविवारी सकाळी एका छोट्या सभागृहात एका तरुण गायिकेने देशकार सुरू केला. पहिली दोन मिनिटं मी मनात म्हणत होतो, अरे हा तर भूप, हिला वेळ कळत नाही का. मग ती धैवतावर गेली आणि तिथेच राहिली. वरचा षड्ज, धैवत, पंचम, पुन्हा धैवत. पडदे उघडून कुणीतरी खोलीत ऊन घ्यावं तसं काहीतरी झालं. तेच पाच स्वर, पण घर वेगळं. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. कानाला ती कळली तेव्हा मी पस्तीस वर्षांचा होतो.

सभागृहात माणसं सदतीस. मोजली, कारण मला मोजायची सवय आहे. त्यात चाळिशीच्या आतले आम्ही चौघं, आणि चौघांतली एक तंबोऱ्यावर होती.

हे बोललं की कुणीतरी उसासा टाकून म्हणतं, "काय करणार, दहाचा नियम आला आणि रात्रीच्या मैफिली संपल्या." सवाईचं उदाहरण हटकून येतं. भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला तो महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा, हे खरं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, आणि ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली योग्य ठरवली. ते पंधरा दिवस आपल्याकडे बहुतेक गणपती आणि नवरात्रातच संपतात. आता सवाई पाच दिवस असतो, मुकुंदनगरला भरतो आणि दुपारीच सुरू होतो. त्याचा एक फायदा झाला, जो कुणी बोलून दाखवत नाही : मुलतानी, भीमपलास, पटदीप हे दुपारचे राग रात्रीच्या महोत्सवात ऐकायला मिळणं अवघडच होतं, ते आता मिळतात. पण मध्यरात्रीचा मालकंस, दरबारी आणि पहाटेचा ललत गेले.

मला स्वतःला हा नियम चुकीचा वाटत नाही. माझं घर एका मंगल कार्यालयाच्या मागे आहे. लग्नसराईत दहा वाजता डीजे बंद होतो तेव्हा मी त्या नियमाला मनोमन नमस्कार करतो. गाण्याला एक न्याय आणि डीजेला दुसरा, असं मागायला मला तरी लाज वाटेल.

पण तो नियम नीट वाचला तर त्यात आणखी एक गोष्ट आहे. बंदिस्त जागेत, म्हणजे सभागृहात वगैरे, आतल्या आत ध्वनिक्षेपक वापरायला रात्रीही मनाई नाही. पुरावा हवा? बालगंधर्वला साडेनऊचा नाटकाचा प्रयोग लागतो आणि साडेबाराला सुटतो. आत माइक असतात. कुणी पोलीस येत नाही. म्हणजे उद्या कुणी बंद सभागृहात रात्री साडेनऊ ते साडेबारा मैफल ठेवली तर निदान हा नियम आडवा येत नाही. आणि सकाळी सात वाजता ठेवली तर दहाच्या नियमाचा संबंधच नाही!

मग होत का नाहीत? एका छोट्या मंडळात मी दोन वर्षं सतरंज्या उचलायचं आणि पोस्टर चिकटवायचं काम केलं, तेव्हा आमच्या सेक्रेटरीकाकांना विचारलं होतं. काका म्हणाले, "अरे, सकाळी सातला ठेवलं होतं आम्ही. कलाकार पाचला उठून आला. तबला लागला, तंबोरे लागले. समोर अकरा माणसं. त्यातले तीन त्याचे नातेवाईक. पुन्हा त्याला फोन करायची मला हिंमत झाली नाही." पुढच्या वर्षी मंडळाने साडेपाचचं सत्र घेतलं. हॉल भरला. यमन झाला.

ह्यात कुणाला नावं ठेवणार? माझ्या मते आपल्याला. म्हणजे आपल्याच वयाच्या, आपल्याच पगाराच्या लोकांना. हॉलचं भाडं निघतं ते तिकिटांवर आणि देणगीदारांवर, आणि देणगीदार भरलेला हॉल बघून येतो. आणि आम्ही मंडळी सिंहगडावर जायला पहाटे पाचला उठतो. मॅरेथॉनसाठी चारला उठतो. अमेरिकेतल्या क्लायंटसाठी रात्री एकला ताजेतवाने असतो. दिवाळीत तर नवे कपडे घालून दिवाळी पहाटला सहाच्या आत पोचतो, आणि तिथे निवेदकाचे विनोद ऐकत भावगीतं ऐकतो. (भावगीतांशी भांडण नाही, निवेदकांशी आहे.) म्हणजे उठता येतं. वर्षातून एकदाच उठतो, एवढंच.

आमच्यातल्या रॉकवाल्यांचंही फार वेगळं नाही. एनएच सेव्हन वीकेंडर २०१० साली पुण्यात सुरू झाला तेव्हा आमच्या फ्लॅटमधले तिघं तिन्ही दिवस गेले होते आणि त्यावर ते अजून बोलतात. पण त्यांच्यातला एकही कुठल्या नवीन बँडच्या पन्नास माणसांच्या गिगला जाताना मी पाहिलेला नाही. मोठ्ठं असेल तर जायचं, फोटो काढायचे, वर्षभराची बेगमी. सवाईलाही आता निम्म्या लोकांचं तसंच होतं. पाच दिवस कॉफी आणि शाली, मग अकरा महिने पंचवीस दिवस कुठेच नाही.

आता बाबांबद्दल थोडं, कारण हे सगळं डोक्यात आलं ते त्यांच्यामुळे. बाबा तरुणपणी सवाईला भारतीय बैठकीचं तिकीट काढून तिन्ही रात्री बसायचे. बँकेत नोकरी, रविवारी दुपारी झोपायचे, सोमवारी कामावर. त्यांची एक आठवण आमच्या घरात शंभर वेळा झालेली आहे. पहाटे मांडवात अर्धी माणसं घोंगडीत झोपलेली, तेही पेंगलेले, आणि ललत सुरू झाला. दोन्ही मध्यम एकामागोमाग लागले आणि झोपलेली माणसं एकेक करून उठून बसली. कुणीही कुणाला हलवलं नव्हतं. हे सांगताना ते स्वतः ताठ बसतात.

आता त्यांचे गुडघे गेले. रात्रीच्या गर्दीत, ट्रॅफिकमध्ये, त्यांना नेणं जमत नाही. डाव्या कानात मशीन आहे आणि मोठ्या मांडवातल्या स्पीकरने ते नुसतं कण्हतं. त्यांना चालतं ते एकच : छोटी जागा, कमी आवाज, रविवारची सकाळ, रस्ते रिकामे. मी त्या देशकाराहून घरी येऊन सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला का नाही नेलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मी त्यांना विचारलंच नव्हतं. त्यांची वेळ संपली असं मी धरून चाललो होतो.

तेव्हापासून आम्ही दोघं जातो. अशा जागा आहेत, शोधाव्या लागतात. पेपरात आतल्या पानावर आजच्या कार्यक्रमांचं एक बारीक टायपातलं सदर असतं ते शनिवारी वाचा. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली सुरू केलेला भारत गायन समाज अजून पेठेत आहे. तिथे आणि गांधर्व महाविद्यालयात कधी काय आहे ते चौकशी करून ठेवा. गुरूंच्या पुण्यतिथीचे, शिष्यांच्या हजेरीचे कार्यक्रम पुष्कळदा सकाळी असतात आणि दिवसभर चालतात. लोक ते 'विद्यार्थ्यांचे' म्हणून टाळतात. टाळू नका. सकाळी नऊला एखादी एकोणीस वर्षांची मुलगी घाबरत घाबरत जौनपुरी गाते, तेव्हा तिला समोर चार अनोळखी चेहरे हवे असतात. गाडी आणू नका. बालगंधर्वला जायचं असेल तर मेट्रोचं संभाजी उद्यान स्टेशन अगदी जवळ आहे. नाश्ता आधी करून जा. मधेच उठायचं असेल तर कडेची खुर्ची घ्या, आणि उठायचं ते चीज संपल्यावर, तान चालू असताना नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग करू नका, तुम्ही ते परत कधी ऐकत नाही. आणि दोनशे रुपयांचं तिकीट असेल तर पास मागू नका हो. आपण पाचशेची कॉफी पितो.

शुक्रवारी त्या नव्या मुलाला हे सगळं सांगितलं. त्याने नेहमीसारखं "बघतो" म्हटलं. येत्या रविवारी सकाळी आठला पेठेत एक कार्यक्रम आहे, कलाकाराचं नाव मीही ऐकलेलं नाही. बाबांनी मशीनचे सेल बदलून ठेवलेत आणि मला दोनदा विचारून झालंय की कितीला निघायचं. मागच्या सीटवर एक जागा रिकामी आहे. पावणेसातला कर्वे पुतळ्यापाशी थांबेन असा त्या मुलाला मेसेज टाकलाय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.