तबेल्यातला होकार

शॉन कॉनरी हाच खरा जेम्स बाँड, असं मानणारा प्रेक्षक जगभर आहे. १९६२ च्या ‘डॉ. नो’पासून १९७१ च्या ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’पर्यंत मूळ मालिकेतले सहा चित्रपट त्याने केले आणि पुढच्या प्रत्येक नटाला त्याच्याच मापाने मोजलं गेलं. गेल्या काही वर्षांत मात्र या चाहत्यांमध्येच त्याच्या काळाविषयी वाद सुरू झाला आहे. २०२० साली कॉनरी वारला. २०२१ मध्ये ‘नो टाइम टु डाय’चा दिग्दर्शक कॅरी फुकुनागा एका मुलाखतीत म्हणाला की कॉनरीचा बाँड एका चित्रपटात जवळजवळ बलात्कारच करतो, तो ‘थंडरबॉल’ की ‘गोल्डफिंगर’, एवढंच त्याला नेमकं आठवेना. या गोंधळाबद्दल त्याला दोष देता येणार नाही. दोन्ही चित्रपटांत तसं दृश्य आहे.

‘गोल्डफिंगर’ (१९६४) मधलं दृश्य अनेकींनी पाहिलं असेल. पुसी गॅलोर ही वैमानिक. स्वतःचं विमानपथक चालवणारी, बाँडच्या गोड बोलण्याचा आपल्यावर काही परिणाम होत नाही असं त्याला तोंडावर सांगणारी. तबेल्यात दोघांची ज्युडोची झटापट होते, तीही त्याला आपटते. मग तो तिला गवतावर दाबून धरतो. ती दोन्ही हातांनी त्याला ढकलते, तोंड फिरवते. तो थांबत नाही. आणि काही क्षणांनी तिचेच हात त्याच्या गळ्यात पडतात. एवढ्यावर भागत नाही. या प्रसंगानंतर ती खलनायकाची साथ सोडते, विषारी वायूची नळकांडी बदलते, वॉशिंग्टनला खबर देते आणि अमेरिकेचं सोनं वाचतं. म्हणजे बाँडने तिचा नकार मानला असता तर हजारो माणसं मेली असती! पटकथेने जबरदस्तीला असं देशकार्याचं रूप दिलं आहे. इयान फ्लेमिंगच्या १९५९ च्या मूळ कादंबरीत हा तबेल्याचा प्रसंग नाहीच. तो चित्रपटवाल्यांनी घातला.

चाहत्यांचं नेहमीचं उत्तर असं की ‘तो काळच तसा होता’. हे बोलणं मला फार सोयीचं वाटतं. काळ एकाच आवाजात बोलत नसतो. १९५८ सालीच ‘न्यू स्टेट्समन’मध्ये पॉल जॉन्सन या समीक्षकाने फ्लेमिंगच्या कादंबरीतल्या कामुकतेवर आणि क्रौर्यावर सडकून टीका केली होती. गॅलोरचं काम करणारी ऑनर ब्लॅकमन कॉनरीपेक्षा पाच वर्षांनी मोठी होती आणि त्याआधी दूरचित्रवाणीवर ज्युडो खेळून पुरुषांना लोळवणारी नायिका म्हणून ब्रिटनभर गाजलेली होती. बाईला नाही म्हणता येतं, मारताही येतं, हे त्या काळच्या प्रेक्षकाला ठाऊक होतं. म्हणून तर तिला गवतावर नमवण्यात त्यांना मजा वाटली.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे: ‘शेवटी ती तयार होतेच ना?’ ती तयार होते, कारण तसं लिहिलं आहे. पडद्यावर नकाराचा होकार करायला लेखणी पुरते. पण या कथेवर विश्वास ठेवणारी माणसं पडद्याबाहेरही असतात. ब्रिटनमध्येच १९७३ साली हवाई दलातल्या एका माणसाने तीन सहकाऱ्यांना घरी आणलं आणि सांगितलं, बायको विरोध करेल, पण तो लटका असतो, तिला तसंच आवडतं. तिघांनी तिच्यावर बलात्कार केला. ‘डीपीपी विरुद्ध मॉर्गन’ हा खटला १९७५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेला. तिघांची शिक्षा कायम राहिली, पण न्यायाधीशांनी बहुमताने तत्त्व असं मांडलं की बाईची संमती आहे असं पुरुषाला प्रामाणिकपणे वाटत असेल तर तो बलात्कार नव्हे, मग ते वाटणं कितीही अवाजवी का असेना. नवऱ्यावर तर बलात्काराचा आरोपच ठेवता आला नाही, फक्त साथ दिल्याचा ठेवला गेला. वाटणं वाजवी असलं पाहिजे, ही अट तिथल्या कायद्यात २००३ साली आली. आपल्याकडचा १९७८ चा मथुरा खटल्याचा निकाल ज्यांना आठवतो त्यांना हे तर्कट ओळखीचं वाटेल: अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती. आणि नवऱ्याला दिलेली सूट तर आपल्या २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही शिल्लक आहे.

चित्रपट पाहून कुणी बलात्कार करायला निघतो, असं मी म्हणत नाही. मॉर्गनच्या घरी गेलेल्या तिघांना ती गोष्ट खरी वाटली, कारण ती आधीपासून सगळीकडे सांगितली जात होती, एवढंच माझं म्हणणं आहे.

मला स्वतःला ‘थंडरबॉल’ (१९६५) अधिक खुपतो, आणि वादात त्याची चर्चा कमी होते. तिथे झटापट नाही. पॅट्रिशिया फिअरिंग ही एका आरोग्यधामात उपचार करणारी कर्मचारी. बाँड आधी तिचं जबरदस्तीने चुंबन घेतो, ती त्याला झिडकारते. मग तिने त्याला ज्या यंत्रावर बांधून ठेवलेलं असतं त्याचा वेग दुसराच कुणी वाढवतो आणि बाँड मरता मरता वाचतो. ती घाबरते. हे वरिष्ठांना कळलं तर आपली नोकरी जाईल, म्हणून सांगू नका अशी विनवणी करते. तो म्हणतो, गप्प राहण्याची काही किंमत असू शकते. तिच्या ध्यानात येतं, ती नको म्हणते, मागे सरकते, आणि तो तिला बाष्पस्नानाच्या खोलीत घेऊन जातो. प्रेक्षक हसतो.

आमच्या कामात अशी बाई वारंवार समोर येते. जखम नाही, साक्षीदार नाही, आरडाओरडा नाही. दवाखान्यातली, कारखान्यातली, कार्यालयातली. पगारावर घर चालवणारी. तिच्या हातून काहीतरी चुकलेलं असतं किंवा चुकलं असं दाखवता येतं, आणि ते एका पुरुषाला ठाऊक असतं. चौकशीत तिला पहिला प्रश्न विचारतात, ‘मग तू गेलीस कशाला?’ कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत १९९७ मध्ये विशाखा निकाल आला, २०१३ मध्ये कायदा आला, तरी हा प्रश्न गेलेला नाही. पॅट्रिशियाचं नंतरचं हसू हे त्या प्रश्नाचं चित्रपटाने देऊन ठेवलेलं उत्तर आहे.

नट आणि भूमिका वेगळ्या ठेवा, असंही सांगितलं जातं. जरूर ठेवाव्यात. पण कॉनरीने स्वतःच ती रेघ पुसली होती. बाईला प्रसंगी थप्पड मारण्यात फारसं गैर नाही, असं तो १९६५ साली ‘प्लेबॉय’च्या मुलाखतीत म्हणाला आणि १९८७ मध्ये बार्बरा वॉल्टर्सने आठवण करून दिली तेव्हा मत बदललेलं नाही असं सांगितलं. पुढे २००६ साली त्याने स्त्रियांवरचा कोणताही अत्याचार समर्थनीय नसल्याचं म्हटलं, तेही नोंदवायला हवं.

यावर उपाय म्हणून चित्रपट कापावेत किंवा बंद करावेत, असं मला वाटत नाही. कॉनरीची चाल, त्याचा मिश्कीलपणा आपल्यापैकीही कित्येकींना आवडतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. काटछाट कशी होते तेही २०२३ मध्ये दिसलं. फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्तीतून काही वंशवाचक शब्द वगळले गेले आणि बायकांना हिणवणारी कितीतरी वाक्यं जागच्या जागी राहिली. त्यापेक्षा ही दृश्यं आहेत तशी दाखवावीत, महाविद्यालयात दाखवावीत, आणि ती कुणी लिहिली तेही विचारावं. पहिल्या दोन बाँडपटांच्या लेखनात जोहाना हारवुड या बाईचं नाव आहे. त्यानंतर या मालिकेच्या लेखकांत बाईचं नाव आलं ते थेट २०२१ साली, फीबी वॉलर-ब्रिजचं. ‘डॉ. नो’मध्ये समुद्रातून वर येणाऱ्या अर्सुला अँड्रेसला स्वतःचा आवाजसुद्धा मिळाला नव्हता. तिचे संवाद निकी व्हॅन डर झिलने म्हटले, आणि श्रेयनामावलीत तिचं नाव नव्हतं.