नुसते तास करून मुले टिकत नाहीत

‘शेतकऱ्याच्या, मजुराच्या पोरांनी तास करावेत आणि घर गाठावे. गॅदरिंग, नाटक, शिबिरे ही भरल्या पोटाची चैन आहे.’ हे मत गोंदिया जिल्ह्यात मुलांचे भले चिंतणारी माणसेच मांडतात, म्हणून ते खोडायलाच हवे.

जिल्ह्यातल्या बिरसी गावच्या धावपट्टीवर वैमानिक घडतात. त्याच गावातून एखादी मुलगी घरातली पहिली पदवीधर व्हायला गोंदियाला निघते, तेव्हा प्रवेश आणि धानाची रोवणी एकाच पावसात येतात. जुलैत ती बांधीत वाकलेली असते. वर्गात पोचते तोवर मैत्रिणींचे गट ठरलेले असतात. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडला, परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा, हे घरी कोणाला विचारणार? दिवाळीनंतर ती येईनाशी होते आणि आपण म्हणतो, अभ्यास झेपला नाही. खरे तर ती येत नाही, हे कोणाच्या लक्षातच आलेले नसते.

ते लक्षात येते वर्गाबाहेर. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. तिथे भाजी चिरता चिरता एखादी सीनियर म्हणते, ‘अगं, तुझा फॉर्म राहिलाय, उद्या शेवटची तारीख आहे.’ त्या एका वाक्याने वर्ष वाचते. सूचना फलकावर हीच तारीख महिनाभर लटकलेली असते.

पैसा, गाडीची वेळ, लग्नाची घाई ही कारणे खरी आहेत. शिबिराने फी भरली जात नाही. पण सहभाग म्हणजे केवळ नाचगाणे, हे कोणी ठरवले? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, ते ‘कमवा आणि शिका’वर. अमेरिकेत अलेक्झांडर अॅस्टिन यांनी १९७५ मध्ये गळतीचा अभ्यास मांडला. कॉलेजच्या आवारातच अर्धवेळ काम मिळालेले विद्यार्थी अधिक टिकतात, असे त्यांना आढळले. आणि नाटकाला चैन म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयाकडे पाहावे. तिथे बहुतेकांच्या घरात शिक्षणाची पहिलीच पिढी होती, तरी प्राचार्य म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणले.

प्राचार्यांना माझी विनंती आहे: कार्यक्रम दुपारीच घ्या, संध्याकाळची गाडी चुकवू नका. ग्रंथालयातले, प्रयोगशाळेतले काम आधी या मुलांना द्या. आणि रोवणी आटोपून उशिरा आलेल्या मुलीला शिबिराची ‘यादी भरली’ म्हणून परत पाठवू नका.