जबडा ही चैन नाही

गेल्या ईदला खाला शीरखुर्म्याची वाटी घेऊन आतल्या खोलीत गेली. चारचौघांत ती काही पीत नाही. २०२१च्या दुसऱ्या लाटेत ती करोनातून वाचली. पण अंगात मधुमेह, त्यात स्टेरॉइड्स. म्युकरमायकोसिसने वरचा जबडा पोखरला. डॉक्टरांनी अर्धा जबडा आणि टाळू काढून तिचा जीव वाचवला. टाळू नसली की घोट नाकातून येतो, शब्द गेंगाणे होतात. शाळेत शिकवणारी खाला तेव्हापासून घरात आहे.

‘जान बची, शुक्र करो,’ असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो.

आता यावर इलाज आहे. सीटी स्कॅनवरून संगणकात कवटी उभी करतात, निरोगी बाजू उलटवून गेलेल्या हाडाचा आकार ठरवतात. मग टायटॅनियमची भुकटी लेसरने थरावर थर वितळवून तोच आकार छापतात. तो गालाच्या शाबूत हाडाला स्क्रूने बसतो. दात आणि टाळूची कवळी त्याच्या आधाराने राहते. नेदरलँड्समध्ये २०११ साली ८३ वर्षांच्या एका बाईंचा जंतुसंसर्गाने खराब झालेला खालचा जबडा काढून असाच १०७ ग्रॅमचा छापील जबडा बसवला. दुसऱ्या दिवशी त्या बोलू-गिळू लागल्या होत्या.

हा चमत्कार नाही. आधी बुरशी पूर्ण जायला हवी, साखर ताब्यात हवी. धातूलाही जंतुसंसर्ग होतो, स्क्रू सैल होतात. तरीही ज्यांना हे शक्य आहे, त्यांना ते मिळायला हवं.

आम्हाला सांगितलेला खर्च खालूंच्या वर्षभराच्या पेन्शनहून जास्त होता. विम्याच्या कागदावर शेरा आला: ‘कॉस्मेटिक’. माझा राग या एका शब्दावर आहे. मोडलेल्या मांडीत सळई घालण्याला कुणी नटणं म्हणत नाही. मग चावणं, गिळणं, बोलणं परत मिळवणं हे नटणं कसं?

२०२१मध्ये राज्य सरकारने म्युकरमायकोसिसचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतले, हे चांगलंच झालं. पण कुजलेलं हाड काढलं म्हणजे उपचार संपले, ही समजूत बदलायला हवी. जबडा परत उभा करणं हा त्याच उपचाराचा दुसरा अर्धा भाग आहे. सरकारी वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एकत्र येऊन हे काम हाती घेतलं, तर खर्चही आवाक्यात येऊ शकेल.

खालाला सुंदर दिसायचं नाही. तिला पुन्हा वर्गात उभं राहून हजेरी घ्यायची आहे.