ग्रीष्मातील टोमॅटो आणि झेंडू

विलायती बागकामाच्या पुस्तकात ‘टोमॅटोची रोपे ग्रीष्मात, भरपूर उन्हात वाढवावीत’ अशा अर्थाचे वाक्य आले, की अनुवादकाने क्षणभर थबकावे असे माझे मत आहे. शब्दकोशाप्रमाणे ‘ग्रीष्म’ हा प्रतिशब्द बिनचूक असतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ते भाषांतर सर्वस्वी चुकीचे ठरते. लंडन येथे जुलैत दुपारचे सरासरी तापमान २४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. रायपूर येथे मे महिन्यात ते ४२ अंशांच्या घरात जाते आणि रात्रीही पारा २७-२८ अंशांखाली सहसा उतरत नाही. तापमापकाच्या हिशेबाने लंडनचा जुलै हा रायपूरच्या जानेवारीचा सोयरा आहे, मे महिन्याचा नव्हे.

रायपूरचे उदाहरण मुद्दाम घेतले. १९५६ पर्यंत हे नगर ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती, आणि मराठी कुटुंबे तेथे आजही नांदत आहेत. तेथील पुरानी बस्ती या जुन्या भागात महामाया मंदिर व दूधाधारी मठ आहेत. चैत्री नवरात्रात फुलांना मागणी येते ती ऊन तापू लागते तेव्हाच. छत्तीसगढी बोलीत टोमॅटोला ‘पताल’ म्हणतात आणि झेंडूला ‘गोंदा’. (दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ मध्ये ‘चंदैनी गोंदा’ रंगमंचावर आणले, तेव्हापासून या फुलाला तेथे निराळाच मान आहे.) दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील, पण बोलीने त्यांना इतके आपलेसे केले आहे की परकेपणाची शंकाही येऊ नये.

उष्णतेने टोमॅटोचे नेमके काय बिघडते? झाड मरत नाही; ते वाढते, फुलतेही. परंतु रात्रीचे तापमान १५ ते २० अंशांच्या दरम्यान असता फलधारणा उत्तम होते, आणि दिवसा ३२ व रात्री २१ अंशांच्या वर पारा राहू लागला की ती घटत जाते. फूल उमलण्यापूर्वी आठ-दहा दिवस, कळीतच, परागकण दुबळे होतात. कुक्षीवृंत लांबून कुक्षी परागकोशांच्या नळीबाहेर डोकावते व स्वपरागण चुकते. फुले गळतात. जी फळे धरतात त्यांत लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही आणि ती पिवळट राहतात. फूलगळ थांबविण्याचे नाना द्रव आज दुकानांत मिळतात. कळीत आधीच निकामी झालेला पराग त्यांतील एकानेही सजीव होणार नाही. ज्याच्याजवळ अर्धा एकर जमीन आहे त्याने तो पैसा सावलीच्या जाळीवर व गवताच्या आच्छादनावर खर्च करावा. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे रोपे जानेवारीच्या आरंभीच लावणे. म्हणजे मुख्य बहर मार्चच्या मध्यापूर्वी येऊन जातो.

झेंडूचे काम येथे दुहेरी आहे. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटोपेक्षा झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालणे अधिक पसंत करतो. म्हणून बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ सुचविली. त्यासाठी झेंडूची रोपे ४५ दिवसांची व टोमॅटोची २५ दिवसांची घ्यावयाची, कारण दोन्ही एकाच वेळी फुलली तरच सापळा साधतो. मात्र याच ओळीतून देवळासाठी फुले विकण्याचा मोह होतो, आणि तो मला गैर वाटतो. ती ओळ पतंगाची आहे. तिच्यातील किडक्या कळ्या वेचून नष्ट करावयाच्या असतात, गरज पडल्यास औषधही तिच्यावरच फवारावे लागते. फवारलेले फूल देवाच्या गळ्यात आणि तेथून मुलांच्या हातात जाणे योग्य नव्हे. हारांसाठी वेगळी ओळ लावावी, मग ती चारच वाफ्यांची का असेना.

कोणी म्हणेल, मुळातील शब्द बदलणे हा अनुवादकाचा अधिकार नव्हे. ललित लेखनाविषयी ते मला मान्य आहे. शेतीच्या पुस्तिकेत मात्र ‘ग्रीष्मात’ या शब्दाच्या जागी ‘रात्री १५ ते २० अंश तापमान असेल त्या काळात’ असे छापावे, आणि ज्या शाळेच्या ग्रंथालयात ती पुस्तिका जाईल तेथील व्हरांड्यात एक कमाल-किमान तापमापक टांगलेला असावा.