विश्लेषण : ६४ विजय मोठे की १४ वरून ४४? एनबीएमधील ‘सर्वोत्तम प्रशिक्षक’ कसा ठरतो?

क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सने मे २०२४ मध्ये प्रशिक्षक जे. बी. बिकरस्टाफ यांना घरचा रस्ता दाखवला आणि केनी अ‍ॅटकिन्सन यांना आणले. वर्षभरानंतर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग असलेल्या एनबीएच्या सर्वोत्तम प्रशिक्षक पुरस्कारासाठी अंतिम तिघांची नावे जाहीर झाली, तेव्हा त्यात हे दोघेही होते. तिसरे होते ह्युस्टन रॉकेट्सचे इमे उडोका. २०२४-२५ हंगामाचा पुरस्कार अ‍ॅटकिन्सन यांना मिळाला. पण काढून टाकलेला प्रशिक्षक आणि त्याच्याच खुर्चीत बसलेला प्रशिक्षक एकाच पुरस्काराच्या शर्यतीत आल्याने जुना वाद नव्याने उफाळला : हा पुरस्कार नेमका कशासाठी दिला जातो?

पुरस्कार कोण ठरवते?

क्रीडा पत्रकार आणि समालोचकांचे १०० जणांचे मंडळ मतदान करते. प्रत्येक जण तीन नावे क्रमाने देतो. पहिल्या पसंतीला पाच, दुसऱ्या पसंतीला तीन आणि तिसऱ्या पसंतीला एक गुण मिळतो. हे मतदान ८२ सामन्यांचा साखळी हंगाम संपताच, बाद फेरीआधी होते. त्यामुळे विजेतेपदाचा या पुरस्काराशी काडीचाही संबंध नसतो. निकाल मात्र बाद फेरी सुरू असताना जाहीर होतो आणि तिथेच गोंधळ होतो. अ‍ॅटकिन्सन यांचे नाव मेच्या सुरुवातीला जाहीर झाले. त्याच वेळी क्लीव्हलँडची इंडियाना पेसर्सविरुद्धची मालिका सुरू होती आणि ती त्यांनी १-४ अशी गमावली.

अ‍ॅटकिन्सन यांची बाजू

आकडे बोलके आहेत. बिकरस्टाफ यांच्या अखेरच्या हंगामात क्लीव्हलँडने ४८ सामने जिंकले होते. अ‍ॅटकिन्सन यांच्या पहिल्याच हंगामात ६४. सुरुवातीचे सलग १५ सामने या संघाने जिंकले. मुख्य म्हणजे डॉनोव्हन मिचेल, डॅरियस गार्लंड, इव्हान मोबली आणि जॅरेट अ‍ॅलन ही चौकडी तीच होती. खेळाडू तेच, प्रशिक्षक नवा आणि १६ विजय जास्त. प्रशिक्षकाचा प्रभाव मोजण्यासाठी याहून सोपा प्रयोग कुठून आणायचा?

बदल मैदानावरही दिसत होता. मिचेल हा संघाचा सर्वात मोठा तारा. त्याला अ‍ॅटकिन्सन यांनी सामन्यामागे जवळपास चार मिनिटे कमी खेळवले. मोबली पूर्वी प्रामुख्याने बचावासाठी ओळखला जायचा. त्याच्या हाती चेंडू जास्त वेळ दिला. संघाचे सामन्यामागचे सरासरी गुण ११२च्या घरातून १२१च्या पुढे गेले. ताऱ्याला बाकावर बसवून त्याला नाराज होऊ न देणे हे फळ्यावर डावपेच आखण्यापेक्षा कठीण काम असते.

तरीही हा प्रयोग वाटतो तितका स्वच्छ नाही. आदल्या हंगामात मिचेल ५५, गार्लंड ५७ आणि मोबली अवघे ५० सामने खेळू शकले होते. २०२४-२५ मध्ये हे तिघेही ७०हून अधिक सामने खेळले आणि अ‍ॅलन तर सर्व ८२. म्हणजे बिकरस्टाफ यांच्या हाती जो संघ कागदावर होता, तो अ‍ॅटकिन्सन यांना प्रत्यक्षात मिळाला. १६ जादा विजयांपैकी किती प्रशिक्षकाचे आणि किती धडधाकट गुडघ्यांचे, हे १०० पत्रकार कसे ठरवणार?

मग डेट्रॉइटचे काय?

बिकरस्टाफ यांनी जो संघ हाती घेतला, त्याची अवस्था केविलवाणी होती. २०२३-२४ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्सने सलग २८ सामने गमावले. एका हंगामातला हा नकोसा विक्रम आहे. ८२ पैकी विजय १४. त्यावेळचे प्रशिक्षक मॉन्टी विल्यम्स यांच्याशी सहा वर्षांचा करार होता, पण एका हंगामातच त्यांना हटवले गेले. हेच विल्यम्स २०२२चे सर्वोत्तम प्रशिक्षक होते.

पुढच्या हंगामात बिकरस्टाफ यांच्या हाताखाली विजय झाले ४४. तिपटीहून जास्त! २०१९ नंतर प्रथमच संघ बाद फेरीत पोहोचला आणि न्यूयॉर्कविरुद्ध त्याने २००८ नंतरचा पहिला बाद फेरीचा सामना जिंकला. श्रेय वाटून घ्यायला इथेही दावेदार आहेतच. व्यवस्थापनाने टोबायस हॅरिस, मलिक बीझली असे अनुभवी खेळाडू आणले आणि केड कनिंगहॅम ताऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसला. पण हरण्याची सवय लागलेल्या तरुण संघाला सरळ उभे करणे हे चांगल्या संघाला अधिक चांगले करण्यापेक्षा अवघड आहे. या निकषावर पारडे बिकरस्टाफ यांच्याकडे झुकते. उडोका यांनीही ह्युस्टनला ४१ वरून ५२ विजयांपर्यंत नेले, मात्र त्यांची मोठी झेप आदल्या वर्षीच झाली होती.

पुरस्कार कामगिरीला की आश्चर्याला?

इतिहास पाहिला तर उत्तर ‘आश्चर्याला’ असेच येते. हंगामापूर्वी संघाकडून जेवढी अपेक्षा असते, त्यापेक्षा प्रत्यक्षात किती जास्त मिळाले, हाच मतदारांचा अलिखित हिशेब असतो. म्हणूनच अपेक्षाच जास्त असलेले प्रशिक्षक मागे पडतात. फिल जॅक्सन यांनी प्रशिक्षक म्हणून ११ विजेतेपदे मिळवली. हा पुरस्कार एकदाच, १९९६ मध्ये. मायामी हीटचे एरिक स्पोल्स्ट्रा यांच्या नावावर दोन विजेतेपदे आहेत, पण हा पुरस्कार एकदाही नाही. गंमत म्हणजे प्रशिक्षकांच्या संघटनेचा स्वतंत्र पुरस्कार २०१७ मध्ये प्रथम दिला गेला, तेव्हा तो माइक डी’अँटोनी आणि स्पोल्स्ट्रा यांना विभागून मिळाला. मायामी त्या वर्षी ४१ जिंकून ४१ हरली होती आणि बाद फेरीतही नव्हती. पण पहिल्या ४१ सामन्यांत ११ आणि उरलेल्या ४१ सामन्यांत ३० विजय, ही मेहनत सहकाऱ्यांना दिसली. पत्रकारांना ती तितकी दिसली नाही, त्यांनी एकट्या डी’अँटोनींना निवडले.

२०२४-२५ मधला सर्वात ठळक बळी म्हणजे ओक्लाहोमा सिटी थंडरचे मार्क डेग्नॉल्ट. ६८ विजय, लीगमध्ये सर्वाधिक. अंतिम तिघांत नाव नाही. आदल्याच वर्षी ५७ विजयांवर पुरस्कार मिळाला होता, त्यामुळे आता कोणाला नवल वाटले नाही. जूनमध्ये त्यांनी विजेतेपद पटकावले.

पुरस्कार मिळाल्याने नोकरी टिकते असेही नाही. टोरंटोने ड्वेन केसी यांना २०१८च्या मेमध्ये काढले आणि जूनमध्ये त्याच हंगामासाठी ते सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. माइक ब्राऊन यांना २०२३ मध्ये पहिल्या पसंतीची सर्व १०० मते मिळाली, असे पूर्वी कधीच घडले नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये सॅक्रामेंटोने त्यांना हटवले. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कने त्यांना नेमले ते टॉम थिबोडो यांच्या जागी. थिबोडो २०२१चे सर्वोत्तम प्रशिक्षक होते आणि २५ वर्षांनी संघाला पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत नेल्यानंतर काही दिवसांतच त्यांना निरोप देण्यात आला होता.